ठिपका खरा, पण वाट?

बोर्ली पंचतनहून दिवेआगरला जायचं असेल तर तुम्ही काय करता? एसटी पकडता, नाहीतर रिक्षा. जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता. चुकायला जागाच नाही.

पण समजा, सुट्टीत तुम्ही आजोळी बोर्लीला आलात आणि आजोबा म्हणाले, "अरे, आमच्या वेळी कुठला आलाय रस्ता? आम्ही शेताच्या बांधावरनं, मग पऱ्या ओलांडून, पाखाडी उतरून चालत जायचो." झालं! तुम्हाला ती वाट बघायचीच आहे. आजोबांचे गुडघे आता तेवढं चालू देत नाहीत. मग तुम्ही काय करणार? आईचा मोबाइल मागणार, त्यावर नकाशा उघडणार आणि म्हणणार, "आजोबा, काळजी नको. जीपीएस आहे!"

नकाशावर निळा ठिपका उमटतो. तो म्हणजे तुम्ही. बोटानं नकाशा मोठा करून बघता, तर ठिपक्याच्या भोवती नुसता कोरा रंग. डांबरी रस्ता आहे, एखादं दुकान आहे, देऊळ आहे. बांध नाही, पऱ्या नाही, पाखाडी तर नाहीच नाही. आजोबा ज्या वाटेनं शेकडो वेळा गेले, ती वाट मोबाइलला ठाऊकच नाही!

मग खोटं कोण? आजोबा की मोबाइल?

खोटं कुणीच नाही. तुम्ही मोबाइलवर जे बघता त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकमेकींवर ठेवलेल्या असतात. खाली नकाशा, आणि त्याच्यावर ठिपका. ठिपका येतो आकाशातून. नकाशा येतो माणसांकडून. ही एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की कुठलं ॲप चांगलं आणि कशासाठी चांगलं, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी ठिपक्याची गंमत

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहांची यंत्रणा. कमीत कमी २४ उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सारखे फिरत असतात, आणि प्रत्येक जण सारखा एकच धोशा लावून असतो : "मी अमुक उपग्रह, आत्ता इथे आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत." बस्स! तुमचा मोबाइल फक्त ऐकतो. उलट बोलत नाही. उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो.

हा निरोप प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगानं येतो. उपग्रह बरोबर डोक्यावर असला तर त्याला खाली पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निरोप निघाला कधी आणि पोचला कधी, यातल्या फरकावरून मोबाइल उपग्रहाचं अंतर काढतो. अशी निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली, की तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहात ते ठरतं. चारच का? तीन तुमची जागा शोधायला आणि चौथा तुमच्या मोबाइलच्या घड्याळाची चूक पकडायला. कारण सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी चुकला, तरी हिशेब ३०० मीटरनं हुकतो. म्हणजे तुम्ही घरात आणि ठिपका गावाबाहेर!

ही यंत्रणा १९९५ साली पूर्णपणे कामाला लागली. पण सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात तेव्हा मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० मध्ये अमेरिकेनं ती भेसळ बंद केली. आता मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलसुद्धा पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. रशिया, युरोप आणि चीन यांचेही असे उपग्रह आहेत. आपल्या इस्रोच्या 'नाविक' यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. आजचे बरेच मोबाइल यांतल्या अनेकांचे निरोप एकदम ऐकतात.

आता नीट लक्ष द्या. या सगळ्यात मोबाइलच्या टॉवरचा आणि इंटरनेटचा कुठे संबंध आला का? नाही! रेंज नसली तरी ठिपका दिसतो. पुष्कळ मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं. आईबाबांना विचारून बघा. "रेंज गेली, आता जीपीएस बंद," असं उत्तर आलं तर हे पान त्यांच्या हातात द्या.

श्रीवर्धन तालुक्यातल्या लोकांना हे सांगायला फार शब्द लागू नयेत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, टॉवर बंद पडले. मुंबईच्या चाकरमान्यांना कितीतरी दिवस घरच्यांचा आवाज ऐकायला मिळाला नाही. त्या दिवसांतही उपग्रह आपापल्या कक्षेत शांतपणे फिरत होते, आणि ठिपका येतच होता. पण ज्यांच्या मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवलेला नव्हता, त्यांच्यासाठी तो ठिपका कोऱ्या पडद्यावरचा ठिपका होता. उपयोग काय?

म्हणून ॲप निवडताना पहिली परीक्षा हीच घ्यायची. घरी वायफायवर नकाशा उतरवा, मोबाइल 'विमान मोड'वर टाका आणि अंगणात येऊन बघा. नकाशा दिसतो का? ठिपका हलतो का? मगच वाट धरायची. विमान मोडमुळे बॅटरीही जास्त पुरते. सतत टॉवर शोधण्यात मोबाइल किती दमतो हे तुम्हाला डोंगरात गेल्यावर कळेल.

आता नकाशांकडे वळू

गुगल मॅप्स सगळ्यांना माहीत आहे. बोर्लीहून म्हसळा, तिथून माणगाव, मग मुंबई किंवा पुणे, असा प्रवास असेल तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. कुठे गाड्या तुंबल्यात तेही ते सांगतं. त्याचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवूनही ठेवता येतो. पण इथे एक मेख आहे. इंटरनेट नसताना ते फक्त गाडीचा रस्ता सांगतं, चालायचा रस्ता सांगत नाही. आणि ते आहेच मुळी रस्त्यावरच्या माणसांसाठी. डोंगरात त्याला पायवाटा फारशा ठाऊक नसतात, आणि समोरचा चढ केवढा आहे हे तर नेहमीच्या नकाशावर कळतच नाही.

दुसरी जात आहे 'ओपनस्ट्रीटमॅप'वर चालणाऱ्या ॲपची. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला जगाचा नकाशा. तो कुठल्या कंपनीनं काढलेला नाही. जगभरातली हौशी माणसं आपापल्या गावाचे रस्ते, विहिरी, वाटा त्यात भरतात. म्हणजे विकिपीडियासारखंच, फक्त लेखांऐवजी नकाशा! हा नकाशा वापरणारी दोन ॲप आपल्या कामाची आहेत : ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड.

ऑरगॅनिक मॅप्स फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि ते इंटरनेटशिवाय चालायची वाटही सांगतं. शिवाय त्यात समोच्च रेषा दाखवता येतात. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही त्या बघितल्यात ना? त्याच! समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा. रेषा विरळ असल्या तर सावकाश चढ, दाटीवाटीनं आल्या तर उभा कडा. परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या या रेषा डोंगरात तुमचा घाम वाचवतात, कधीकधी जीवही.

ऑस्मअँड जास्त तरबेज आहे, पण थोडं किचकट. इतकी बटणं, इतके पर्याय, की पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात. मात्र तुम्ही चाललेली वाट नोंदवणं, ती दुसऱ्याला पाठवणं, दुसऱ्यानं पाठवलेली उघडणं ही कामं ते फार छान करतं. माझं विचाराल तर, मुलांनी ऑरगॅनिक मॅप्सवर हात बसवावा आणि घरातल्या कुणा खटपट्या दादा-ताईनं ऑस्मअँड घ्यावं.

तिसरी तऱ्हा विकिलॉकची. २००६ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेल्या या जागेवर लोक स्वतः चाललेल्या वाटांच्या नोंदी ठेवतात. सह्याद्रीत भटकणारे बरेच जण ते वापरतात. ते नकाशापेक्षा पाऊलखुणांचं कोठार आहे म्हणा ना! पण दुसऱ्याच्या पाऊलखुणेवर पाय ठेवताना एक विचारायचं : हा गडी कुठल्या महिन्यात गेला होता? डिसेंबरात कोरड्या पऱ्यातून उड्या मारत गेलेल्या माणसाची रेघ जुलैत तुम्हाला थेट पुरात नेईल. रेघ तीच, पऱ्या वेगळा. आणि तो स्वतः वाट चुकून जिथे अर्धा तास भटकला, ती भटकंतीही त्या रेघेत असते बरं!

मोबाइलच्या आधी काय होतं, तेही सांगायला हवं. डेहराडूनला मुख्यालय असलेला आपला भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. त्याच्या ५० हजारास एक प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा. जुने गिर्यारोहक आजही या नकाशांची आठवण काढतात. पण किनाऱ्यालगतचे असे तपशीलवार नकाशे देशाच्या सुरक्षेसाठी पूर्वी कुणालाही सहज मिळत नसत. म्हणजे बोर्लीच्या मुलाला आपल्याच गावामागच्या डोंगराचा चांगला नकाशा बघायची सोय नव्हती! २००५ च्या धोरणानं लोकांसाठी वेगळे नकाशे काढायचं ठरलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनं नकाशे तयार करण्यावरचे बरेच निर्बंध उठवले.

बर्फावरचे भाऊबंद

वाटेबाहेरच्या नकाशांची गरज आपल्यालाच आहे असं नाही. अमेरिकेत आणि कॅनडात थंडीच्या दिवसांत लोक 'स्नोमोबाइल' नावाच्या गाडीवरून भटकतात. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा. आपल्याकडे गुलमर्गला गेलात तर अशा गाड्या दिसतील. तिकडे त्यांच्यासाठी हजारो किलोमीटरचे बर्फावरचे मार्ग आहेत. बर्फ पडला की रस्ता, कुंपण, शेत, सगळं एकसारखं पांढरं. मग ती मंडळी गाया जीपीएससारखी ॲप वापरतात. जंगलात जीप किंवा मोटरसायकल घालणाऱ्यांसाठी तिकडे ऑनएक्स ऑफरोड आहे. कुठली वाट सरकारी जमिनीतून जाते, कुठली खासगी जमिनीतून, कुठली वर्षातल्या कुठल्या दिवसांत बंद असते, हे सगळं त्यात असतं. आपल्याला ते निरुपयोगी. ते तिकडचं ज्ञान आहे, इकडचं कुणी त्यात भरलेलंच नाही. चांगलं ॲप, महागडं ॲप, पण बोर्लीत आणलं तर मुकं!

त्यांच्याकडचा एक धोका मात्र आपल्याला कळण्यासारखा आहे. त्यांचे काही मार्ग गोठलेल्या तळ्यांवरून जातात. नकाशावर रेघ असते, ठिपका बरोबर रेघेवर असतो, पण बर्फाचा थर आज माणसाचं आणि गाडीचं वजन पेलेल का, हे कुठलंच ॲप सांगत नाही. ते तिथल्या माणसालाच विचारावं लागतं.

आपल्याकडे गोठलेलं तळं नाही. पण भरती-ओहोटी आहे! दिवेआगरचा किनारा ओहोटीला केवढा रुंद असतो! चालत जावंसं वाटतं, आणि काही पाहुण्यांना जीप घालावीशी वाटते. ओल्या वाळूत चाक रुततं, पाणी वाढायला लागतं, आणि मग गावकऱ्यांना दोर घेऊन धावावं लागतं. (शिवाय थंडीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गाडीच्या चाकाखाली काय येईल, सांगता येत नाही. तेव्हा किनारा पायी चालायचा, गाडीनं नव्हे.) नकाशावर समुद्राची कड ही एकच रेघ असते. ती दिवसातून दोनदा पुढे येते आणि दोनदा मागे जाते, हे नकाशाला दाखवता येत नाही.

कोळ्यांना मात्र मोबाइल न बघता ते सांगता येतं. त्यांचा हिशेब तुम्हीही करू शकता. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता. पहाटेही आणि दुपारीही. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. ढोबळच आहे, तासभर इकडेतिकडे होतं. पण ॲपमध्ये एवढंही नाही!

होडीचं तसंच. दिघीहून आगरदांड्याला आणि बागमांडल्याहून वेसवीला गाड्या घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी आहेत. नकाशा खाडीवर तुटक रेघ काढून मोकळा होतो. पण शेवटची बोट सुटलेली असली, तर ती रेघ म्हणजे नुसतं पाणी. मग खाडीला वळसा घालून जावं लागतं. म्हणून धक्क्यावर आधी विचारायचं.

हे मी उगीच घाबरवायला सांगत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात एक गाडी थेट पाण्यात गेली. तिथला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. गाडीतल्या एकाचा जीव गेला. मोबाइलवरच्या नकाशानं तो रस्ता दाखवल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला अशीच एक मोटार पुलावरून जाण्याऐवजी खालच्या रस्त्यानं धक्क्यावर गेली आणि खाडीत पडली. सागरी सुरक्षेच्या पोलिसांनी चालक बाईंना वाचवलं. दोन्हीकडे ठिपका कदाचित अगदी बरोबर असेल. खालची रेघ जुनी होती, नाहीतर अंधारात चुकीची वाचली गेली.

डोंगरात याहून साधी फसगत होते, ती ढोरवाटांची. गुरं चरायला जातात, त्यांच्या खुरांनी वाट पडते. ती माणसाच्या वाटेसारखीच दिसते, कधीकधी जास्त मळलेली दिसते. पण गुरांना गड चढायचा नसतो, चारा खायचा असतो! त्यामुळे ती वाट चांगली अर्धा-पाऊण तास नेते आणि कारवीच्या रानात संपून जाते. वरून काढलेल्या उपग्रहाच्या चित्रात ढोरवाट आणि पायवाट यांत काही फरक दिसत नाही, आणि घरी बसून चित्रावरून नकाशा काढणारा हौशी माणूसही फसतो. शिवाय दाट झाडीत आणि कड्याच्या पोटात उपग्रहांचे निरोप अडतात, खडकावर आपटून उशिरा येतात, आणि पाच मीटरची चूक पन्नासवर जाते. अशा ठिकाणी ठिपका नाचायला लागला तर त्याच्यामागे नाचायचं नाही. थांबायचं, मोकळ्या जागी यायचं. जिथवर वाटेची खात्री होती, तिथवर परत जायचं. चालायला लागल्यापासून वाट नोंदवत असाल तर परतीची रेघ तुमच्याकडे असतेच. आणि फारच अडचण आली, तर ११२ या क्रमांकावर फोन करून ठिपक्याचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवायचे. बोर्लीच्या आसपास ते उत्तर १८ आणि पूर्व ७३ अंशांच्या जवळचे येतील. दशांश चिन्हापुढचे निदान चार आकडे सांगायचे, म्हणजे शोधणारे थेट तुमच्यापाशी पोचतील. ॲपमध्ये हे आकडे कुठे दिसतात, ते घरीच शोधून ठेवा. घाबरलेल्या हातांना बटणं सापडत नाहीत.

आजोबांची पाखाडी

आता परत पहिल्या प्रश्नाकडे. आजोबांची वाट नकाशात नाही, कारण ती तिथे कुणी भरलेलीच नाही. मग तुम्हीच भरलीत तर?

सुट्टीतल्या एखाद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, घरातलं एखादं मोठं माणूस आणि वाट माहीत असलेलं गावातलं कुणीतरी बरोबर घ्या. दोन मोबाइल न्या, दोन वेगळी ॲप. वाटेची नोंद सुरू करा. पण घराच्या दारातून नको हं, जरा पुढे जाऊन. आपलं घर कुठलं ते जगाला सांगायची गरज नाही. (आईबाबांनो, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.) चालताना वहीत टिपणं करा : इथे पऱ्या, पावसात ओलांडता येत नाही. इथे पाखाडी, इतक्या पायऱ्या. इथे विहीर, पाणी गोडं. हा बांध कुणाच्या शेतातला, जायला हरकत आहे का, तेही विचारून घ्या. कुणाच्या वाडीतून जाणारी खासगी वाट परवानगीशिवाय नकाशात घालायची नाही.

घरी आल्यावर दोन्ही मोबाइलवरच्या रेघा शेजारी ठेवून बघा. त्या तंतोतंत जुळणार नाहीत. पोफळीच्या बागेत कुठली जास्त वाकडी झाली, उघड्या शेतात कुठली सरळ राहिली, ते बघा. ॲपची याहून चांगली तुलना कुठलंही मासिक करून देणार नाही, आम्हीसुद्धा!

मग मोठ्यांच्या मदतीनं ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर खातं उघडून ती वाट भरा. दुसऱ्या कुठल्या नकाशातून नक्कल करायची नाही, हा तिथला नियम. स्वतः चाललेलं तेवढंच. वाटेचं नाव मराठीत लिहा. नाव कुणाला विचारायचं ते तुम्हाला माहीत आहे. काही दिवसांनी नकाशा नव्यानं उतरवलात, की ऑरगॅनिक मॅप्सवर त्या कोऱ्या रंगात एक बारीक तुटक रेघ दिसेल. ती आजोबांना दाखवा. बहुतेक ते म्हणतील, "अरे, हे वळण चुकलं! आंब्याच्या अलीकडून आहे ते!"

मग पुन्हा जावं लागेल. त्या दिवशी षष्ठी आहे असं धरा. दिवेआगरला पोचल्यावर किनाऱ्यानं चालायचं असेल, तर भरती किती वाजता पूर्ण होईल? बोर्लीहून सकाळी किती वाजता निघाल?